कोबा, ताई आणि माझी अक्कल

आमच्या गॅरेजच्या पाटीवर नाव माझं आहे, पण आत आलेलं गिऱ्हाईक मला बघून विचारतं, "ताई नाहीत का?" ताई म्हणजे माझी थोरली बहीण. इंजिन उघडणं, त्याचं दुखणं शोधणं आणि त्याला पुन्हा बोलतं करणं हे तिचं काम. टायर बदलणं, चहा मागवणं आणि मालकासारखं दिसणं हे माझं. शेवटच्या कामात मी चांगला मुरलो आहे.

मागच्या भिंतीशी एक बुटकं स्टूल आहे, ती तिची जागा. इंजिनाचे सुटे भाग ती जुन्या चादरीवर ओळीने मांडते आणि त्यांना ओलांडून जाणाऱ्याची खैर नसते. तिने लग्न केलं नाही. कोणी चौकशी केलीच तर सांगते, "एक धाकटा भाऊ सांभाळतेय, तेवढा पुरे." मी पन्नाशीला आलो, घरी बायको आहे, डोक्यावरचे केस गेले, तरी या उत्तरात बदल झालेला नाही.

मग तिला खोकला लागला. आमचा कोबा, म्हणजे गॅरेजची सिमेंटची जमीन, जुना, त्याचा वरचा थर सुटलेला. झाडू मारला की सिमेंटची पांढरी भुकटी उडायची, गाडी आत आली की उडायची, नुसतं चाललं तरी उडायची. डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, की एकतर धूळ बंद करा नाहीतर काम. त्याच सुमारास सुट्या भागांच्या दुकानदाराने ताईला आपल्या काउंटरवर बसायला बोलावलं. स्वच्छ दुकान, काचेचं दार. ताई म्हणाली, महिनाअखेरीस कळवते.

ताई गेली तर गॅरेजचं काय होणार हे मला नीट कळत होतं, आणि माझं काय होणार हेही. "जाऊ नकोस" एवढंच म्हणायचं होतं. पण मी पडलो मालक. मी म्हणालो, "कोब्याला सीलर लावून घेऊ. जरा चकाचक होईल, गिऱ्हाइकांवर छाप पडेल." ती म्हणाली, "बघ बाबा."

रंगाच्या दुकानात दोन डबे माझ्यासमोर आले. एकातलं सीलर पाण्यासारखं पातळ. ते कोब्यात मुरतं, त्याला आतून घट्ट करतं आणि धूळ थांबवतं, पण वरून काहीच दिसत नाही. दुसऱ्यातलं जाड, राखाडी, वाळल्यावर आरशासारखं. रंगवाल्याचं मत पहिल्याच्या बाजूने होतं. मला ते पटेना. लावूनही दिसणार नसेल तर लावायचं कशाला? आयुष्यभर याच तत्त्वावर मी शर्ट घेत आलो आहे. मी चकाकणारा डबा उचलला. रंगवाला मागून सांगत होता, की तेलकट कोब्यावर हे धरत नाही, आधी साबणाने खरवडून धुवा, पाण्याचा थेंब टाका, तो जिरला तरच लावा. मी नुसती मान हलवत होतो.

आता, गॅरेजवाल्याला धुणं शिकवायचं म्हणजे काय? आमच्यात बेअरिंग रॉकेलने धुतात, साखळी रॉकेलने धुतात, जेवायच्या आधी हातही रॉकेलने धुतात. तेलाला रॉकेलइतकं दुसरं काही उतरवत नाही, हे आम्हाला बाळकडूतच मिळालेलं. वासाने त्रास नको म्हणून ताईला घरी बसवलं आणि मी अख्खा कोबा रॉकेलने धुऊन काढला. वरचं तेल पातळ होऊन आणखी खोल मुरलं. ते मला दिसलं नाही. मला स्वच्छ कोबा दिसला. त्यावर मी सीलर फासलं. वाळल्यावर खाली वाकून बघितलं तर माझं तोंड दिसलं. पोट सोडलं तर बरा दिसत होतो.

पहिलीच गाडी लांबून आली होती, टायर तापलेले. घटकाभर उभी राहिली आणि मागे जाऊ लागली, तशी माझी चकाकी टायरांबरोबर उठून गेली. गाडी मोजे घालून चालल्यासारखी दिसत होती. गिऱ्हाईक खाली उतरलं, टायरांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई नाहीत का?"

संध्याकाळी ताई बघायला आली. जागोजागी पापुद्रे, मधूनमधून टक्कल. भुकटी पुन्हा उडायला लागली होती. तिला उबळ आली, दाराशी भिंत धरून उभी राहिली. मग विचारलं, "छाप पडली का?"

तिथे माझा मालकपणा संपला. मी म्हणालो, "गिऱ्हाईक गेलं उडत. तू जाशील म्हणून केलं हे सगळं. मला इंजिनातलं काही येत नाही आणि तू तिथे बसलेली नसलीस तर मला इथे यावंसंही वाटणार नाही."

ती रुमाल नाकाला लावून घरी गेली. मला वाटलं, झालं, काउंटरच.

तरी दुसऱ्या दिवसापासून ताईला घरीच थांबवून मी गुडघ्यांवर बसलो. धूळ उडू नये म्हणून कोबा ओला करून पापुद्रे खरवडले, मग साबणाच्या पाण्याने घासलं, पुन्हा घासलं. पाण्याचा थेंब टाकायचा, तो तेलावर मण्यासारखा घरंगळायचा, की परत घासायचं. बायको डबा घेऊन यायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, की घरची फरशी कधी अशी पुसली नाहीत. अखेर थेंब सगळीकडे जिरायला लागला. मग ते पातळ सीलर आणून ओतलं, झाडूने पसरवलं, मुरू दिलं, वर उरलेलं धुऊन टाकलं. दिसायला काहीही फरक नाही. शेजारचा वेल्डर आत डोकावून म्हणाला, "कोब्याचं काहीतरी करणार होतात ना?"

महिनाअखेरीस ताई आली. आल्याआल्या झाडू घेऊन मागची भिंत ते दार झाडून काढलं. मी तिच्या खोकल्याकडे कान लावून उभा होतो. उबळ आली नाही. ती स्टुलावर बसली, चादर पसरली आणि म्हणाली, "दुकानदाराला मी नाही म्हणून कळवलंय."

"आज?"

"नाही. तू बोललास त्याच दिवशी, घरी जाताना. तोंडाला रुमाल बांधून काम करणार होते."

मी गुडघा चोळला. तो अजून वाकत नव्हता. "मग मला सांगायचंस ना. मी इतके दिवस ही जमीन घासतोय."

ताईने पाना हातात घेतला. "सांगितलं असतं तर घासली असतीस?"