पाइपातली हवा

धोंडू पहाटे पावणेपाचला उठायचा. गजर लावायची त्याला कधी गरज पडली नाही. चुलीवर पाणी तापेपर्यंत ओटीवर बसून तो उजवा खांदा गोल फिरवायचा. तो खांदा गरम झाल्याखेरीज कामाला यायचा नाही. सव्वापाचला कोरा चहा, आणि सहाच्या ठोक्याला हातखंब्याच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या टायरच्या दुकानाचं शटर वर. मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीच्या गाड्या बर्फाचं पाणी गाळत त्याच वेळी वर यायच्या. ज्याच्या चाकाचं काही बिनसलं असेल तो धोंडूला हाक मारायचा. दुकानाचे मालक अनिलशेठ दहाला यायचे, अगरबत्ती लावायचे आणि पंख्याखाली बसायचे. त्यांच्याबद्दल धोंडूचं मत त्याने एकतीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही, पण ते काय असावं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गिऱ्हाइकांबद्दलचं मत मात्र तो लपवत नसे. चाक बघायचं तर गुडघा जमिनीला टेकावा लागतो, असं तो म्हणायचा, आणि हल्लीच्या गाडीवाल्यांची पँट गुडघ्यावर कधी मळत नाही. लोखंडी रिम काढून चकचकीत अलॉय लावायचं खूळ आलं तेव्हा धोंडूला हसूही आलं नाही. कंपनीतल्या माणसांनी डोकं खपवून ठरवलेलं माप सोडायचं आणि मोबाइलवर बघितलेली रुंद चाकं घालायची. वर टायर असा पातळ, की खड्ड्याचा दणका थेट रिमला बसावा. असं गिऱ्हाईक आलं की धोंडू एवढंच विचारायचा, "रस्ता कुठचा घेतलाय यासाठी?" गिऱ्हाईक हसायचं. धोंडू हसत नसे.

चाकाच्या आतले सेन्सर आले तेव्हा तो पन्नाशी ओलांडून गेला होता. व्हॉल्व्हच्या बुडाला, रिमच्या आतल्या बाजूला बसवलेली काडेपेटीएवढी डबी. आत हवा किती आहे ते ती गाडीच्या पडद्यावर दाखवते. पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून एक फुटला. शेठ ओरडले. धोंडूने फुटलेली डबी घरी नेली, ओटीवर ठेवली आणि चार दिवस बघत बसला. टायरची कडा दाबायची ती व्हॉल्व्हपासून लांब. टायर उचकटायचं पान घालताना ते डबीकडे वळता कामा नये. जुना वायसर परत वापरायचा नाही. हे त्याला कुणी शिकवलं नाही. त्यानंतर आठ वर्षांत त्याच्या हातून दुसरा सेन्सर फुटला नाही, आणि तालुक्यात असं छातीवर हात ठेवून सांगणारा दुसरा माणूस नव्हता.

त्याची मुलगी शमिका मुंबईला, नालासोपाऱ्यात दिली होती. जावई विनोद मूळ लांज्याकडचा, एका कुरिअर कंपनीत सुपरवायझर. त्या मे महिन्यात तो पहिल्यांदा स्वतःची गाडी घेऊन सासुरवाडीला आला. सेकंडहँड, पांढरी, आणि खाली मावत नसलेली काळी-लाल अलॉय चाकं. गाडी खळ्यात उभी राहिली तसा तो आधी चाकांवरची धूळ रुमालाने पुसायला लागला. त्यांची सहा वर्षांची मुलगी आरोही मागच्या सीटवर गाढ झोपली होती. तिला शमिकाने एकटीने उचलून आत आणलं. धोंडूने हे पाहिलं आणि मनात ठेवलं.

जेवताना विनोदने चाकांचं पुराण लावलं. जुन्या रिम टायरसकट दुकानात देऊन ही घेतली. आणि वर सेन्सर चालू. बाकीच्यांचे सेन्सर चाकं बदलल्यावर बंद पडतात, इशाऱ्याचा दिवा पेटून राहतो, आपला नाही.

"चारी चाकांत तेहतीस, मामा. महिना झाला, एक पॉइंट हललेला नाय."

"एकपण नाय?" धोंडूने विचारलं.

"सांगतो काय मग."

धोंडूने भातावर कढी ओतून घेतली. एकतीस वर्षांत त्याने महिनाभर न हललेली हवा बघितली नव्हती. हवा उन्हात वाढते, पळून आली की वाढते, रात्री उतरते. डाव्या चाकात एक असते, उजव्यात दुसरी. चार माणसांची नाडी कधी एकसारखी लागत नाही, तसंच चाकांचं.

दुसऱ्या दिवशी सगळे गणपतीपुळ्याला गेले. धोंडू पुढच्या सीटवर बसला आणि समुद्राकडे त्याने एकदाही बघितलं नाही. तो पडदा बघत होता. निघताना तेहतीस, आरे-वारेच्या चढावर तेहतीस. पुळ्याला गाडी दोन तास उन्हात तापली, तेव्हा चौतीस झाले. पण चारीचे एकदम. सावलीतली बाजूही चौतीस, उन्हातलीही चौतीस. परतताना चारी एकदम तेहतीसवर आले. त्यात गाडी सारखी डावीकडे ओढत होती आणि ऐंशीच्या वर गेली की स्टिअरिंग थरथरत होतं. विनोद एका हाताने ते सावरत गाणं गुणगुणत होता.

घरी आल्यावर धोंडू म्हणाला, उद्या निघायच्या आधी गाडी दुकानावर आणा, बघून देतो. विनोद म्हणाला, कशाला, पडद्यावर दिसतंय की सगळं. शमिका म्हणाली, बाबा म्हणतायत तर न्या. तो नाखुशीनेच तयार झाला.

सोमवारी साडेसहाला गाडी दुकानासमोर आली. मागे तांदळाचं पोतं, पन्नासेक नारळ, कोकमाची बाटली, फणस. शमिका आणि आरोही आतच बसल्या होत्या. चहा घेऊन थेट मुंबईला निघायचं ठरलं होतं. धोंडूने गुडघा टेकला आणि पुढच्या डाव्या चाकाला मापक लावलं. एकोणीस. पुन्हा लावलं. एकोणीसच. त्याने आत डोकावून पडदा बघितला. तेहतीस.

बाकीच्या चाकांत सव्वीस, अठ्ठावीस, सव्वीस.

तो मागे गेला आणि पोतं, नारळ, फणस एकेक करून खाली उतरवायला लागला. विनोद लगबगीने आला. स्टेपनी बघायची नाय मामा, ती घरी ठेवलीय, नव्या चाकांना ती जुळत नाय. धोंडू म्हणाला, जागा तरी बघू. आणि खालची फळी उचलली.

स्टेपनीच्या जागी जुन्या चादरीत गुंडाळलेला पाण्याचा जाड पाइप होता. हातभर लांब, दोन्ही तोंडं टोपणं चिकटवून बंद केलेली, एका टोपणाला हवा भरायचा व्हॉल्व्ह. धोंडूने तो कानाशी धरून हलवला. आत डब्या खुळखुळल्या. त्याने मापक लावलं. तेहतीस.

सेन्सर चाकांत नव्हतेच. ते या पाइपात हवा भरून कोंडले होते. आपण चाकांत आहोत असं ते गाडीला इमानेइतबारे सांगत होते, आणि चाकं खाली बसत होती.

"हे कुणी केलं?"

विनोद खाली बघत म्हणाला की नव्या रिमला सेन्सर बसत नव्हते. दुकानवाला म्हणाला, दिवा पेटलेला बरा दिसत नाय, सेटिंग करून देतो. सगळेच करून घेतात.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मामा, हवा मी अधनंमधनं बघतोच की."

"जावयबापू, एकोणीस हाय पुढे. मागे तांदूळ, नारळ आणि माझी नात. कशेडी घाटाच्या उतारावर एकोणीस हाय हे तुम्हाला कोण सांगणार होता? हा पाइप?"

धोंडूने आवाज चढवला नव्हता. 'जावयबापू' आणि 'तुम्ही' त्याने सोडलं नाही, आणि त्या आदरानेच विनोदचे कान लाल झाले. गाडीचं दार उघडून शमिका उतरली. तिने पाइप बघितला, नवऱ्याकडे बघितलं. रोज शाळेला हिला याच गाडीतून सोडता ना, एवढंच विचारलं.

विनोद घाईला आला. उद्या ड्यूटी आहे, आता हवा भरून द्या, मुंबईला जाऊन बघतो. धोंडूने चाक उतरवलं आणि पाण्याच्या टाकीत धरलं. रिमच्या आतल्या कडेला वाटीएवढा पोचा होता, खड्ड्यात बसलेला, आणि तिथून बुडबुड्यांची माळ लागली होती. रिम हबवर, म्हणजे आसाच्या तोंडावर, घट्ट बसतच नव्हती. मधलं भोक मोठं, त्यात रिंग नाही, सगळा भार पाच नटांवर. भरलेली हवा चिपळूणपर्यंत टिकली असती, फार तर महाडपर्यंत. विनोदने बुडबुडे बघितले आणि तरी म्हणाला, हळू चालवतो.

मग धोंडूने उरलेली तीन चाकं उतरवली. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, चाकं आत नेऊन साखळीला कुलूप लावलं आणि किल्ली लेंग्याच्या खिशात टाकली. अनिलशेठ दहाला आले तेव्हा दुकानासमोर बिनचाकांची गाडी उभी होती आणि तिच्या शेजारी फणस. शेठनी विचारलं, हे काय. धोंडू म्हणाला, माझं घरचं काम हाय, माझ्या वेळात करीन.

शमिका म्हणाली, मी आणि आरोही थांबतो, तुम्ही एसटीने जा. विनोद एसटीने गेला. जाताना तो शेवटच्या सीटवर बसला होता आणि त्याने हात हलवला नाही. धोंडूनेही हलवला नाही.

कंपनीच्या मापाच्या लोखंडी रिम आणि टायर यायला दोन दिवस लागले. दुकान बंद झाल्यावर धोंडू रोज संध्याकाळी तासभर गाडीवर घालवायचा. त्याने पाइप करवतीने कापला, चारी सेन्सर काढून पुसले, नवे वायसर घालून रिममध्ये बसवले. कुठला सेन्सर कुठल्या चाकाचा हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. म्हणून तो एका चाकातली हवा सोडायचा, शमिकाला चक्कर मारायला लावायचा, पडद्यावर कुठला आकडा पडला ते विचारायचा, चाक उतरवून जागा बदलायचा. आठ वेळा चाकं चढली आणि उतरली. नट आमनेसामने, टप्प्याटप्प्याने आवळले. खांदा बोलायला लागला तसा डाव्या हाताने पाना धरला.

शनिवारी विनोद परत आला. चाकं बघून त्याने तोंड वाकडं केलं. टेम्पोसारखी दिसते, म्हणाला. दुसऱ्या दिवशी निघताना धोंडूने त्याच्या हातात पाना दिला आणि चिपळूणला थांबून सगळे नट पुन्हा एकदा आवळायला सांगितलं. गुडघा टेकून. विनोदने पाना सीटखाली टाकला. तो शमिकाने उचलून आपल्या मांडीवर घेतला.

दुपारी दोनच्या सुमारास फोन आला. आरोही आईच्या फोनवरून पडद्यावरचे आकडे वाचून दाखवत होती. चौतीस, छत्तीस, पस्तीस, पस्तीस. सगळे वेगळे कसे, आजोबा, असं तिने विचारलं. धोंडू म्हणाला, वेगळेच असायला हवेत. नट कुणी आवळले हे त्याने विचारलं. आईने, असं उत्तर आलं.

धोंडूने दोन वर्षं पगारातून बाजूला टाकलेले पैसे पडवीचे पत्रे बदलण्यासाठी होते. गोदा, त्याची बायको, त्या पावसात गळणाऱ्या पडवीत तीन घमेली मांडून वावरली आणि नवऱ्याला एका शब्दाने बोलली नाही. त्या पैशाच्या चार काळ्या लोखंडी रिम आणि चार टायर आले, आणि नालासोपाऱ्याला पोचल्यावर आठवड्याच्या आत विनोदने त्यांच्यावर चंदेरी प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या.