मास्तरांनी घेतलेली कुत्र्याची ट्रायल

आमच्या कोपऱ्यावरचे शिंपी मास्तर जगात कशावरही ट्रायलशिवाय विश्वास ठेवत नाहीत. कोट असो की उशीचा अभ्रा, आधी कच्ची शिलाई, मग खडूच्या खुणा, मग पक्कं काम. दात काढायला गेले तेव्हा दंतवैद्याला "आधी कच्चा काढून बघा" म्हणाले, अशी अफवा आहे. ती मीच उठवली. पण आजवर कुणालाही खोटी वाटलेली नाही.

असा माणूस कुत्रा आणायला निघाला!

तोही दुसऱ्यांदा. आठ वर्षांपूर्वी त्यांनी नुसते डोळे बघून मेंढ्या राखणाऱ्या जातीचं कुत्रं आणलं होतं. शिंप्याच्या दुकानात मेंढ्या कुठल्या? त्याने गिऱ्हाइकं राखायला घेतली. चार जण आत आले की त्यांना हाकत इस्त्रीच्या टेबलामागे गोळा करायचं आणि हलू द्यायचं नाही. एक वकील अर्ध्या शिवलेल्या पँटमध्ये पाऊण तास तिथे उभे होते. शेवटी महिन्याभरात मास्तरांनी ते खऱ्या मेंढ्यांच्या मालकाला देऊन टाकलं. कुत्रं तिकडे रमलं. इकडे मास्तरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, दोन दिवस अन्नाला हात लावला नाही आणि पुढे कितीतरी दिवस त्या दार उघडलं की आधी पायाशी बघायच्या.

म्हणून या खेपेला त्यांची एकच अट होती. "अहो, घरात आलेला जीव पुन्हा परत पाठवायचा नाही. मला दुसऱ्यांदा झेपणार नाही."

"अगं, म्हणून तर ट्रायल!" मास्तर टेप गळ्यात टाकून उठले.

जातींचं एक जाडजूड पुस्तक आणून त्यांनी त्यातल्या उंची-लांबीबरहुकूम कापडाची कुत्री शिवायला घेतली. आत चिंध्या, वजनाला वाळू. पंधरा दिवस दुकानात दुसरं काही शिवलं गेलं नाही. दुकानामागच्या राहत्या दोन खोल्यांत प्रत्येक कुत्र्याने चार-चार दिवस मुक्काम केला. लॅब्राडोर पलंग आणि कपाटाच्या मध्ये असा बसला की काकूंना चहा त्याच्यावरून उडी मारून न्यावा लागला. ग्रेहाउंड तर स्वयंपाकघराच्या दारातच अडकला.

"हा बाद!" मास्तर गर्जले. "हा पोसायचा तर आपल्याला बाहेर राहावं लागेल."

बीगल मात्र कापायच्या टेबलाखाली मापात बसला. चारी बाजूंनी दोन-दोन इंच जागा मोकळी! मास्तर आनंदाने इतके नाचले की टाचण्यांची डबी सांडली. कापडी बीगल काखोटीला मारून ते तसेच प्राण्यांच्या डॉक्टर बाईंकडे गेले. मागोमाग काकू, आणि तमाशा चुकू नये म्हणून मी.

डॉक्टरांनी बीगल उलटसुलट करून पाहिला. "शिवण सुरेख आहे, मास्तर. पण हा पळत नाही."

"चिंध्यांचा आहे, बाई."

"खरा पळेल. रोज दीड-दोन तास फिरवावं लागेल. वास लागला तर तुम्हाला ओढत गावाबाहेर नेईल. नाही फिरवलात तर तुमचे तागेच्या तागे कुरतडेल. कुत्र्याचं माप घेतलंत, तुमच्या दिवसाचं कधी घेणार?"

तीस वर्षांत मास्तरांचं माप चुकलं असं तोंडावर म्हणणारी ही पहिलीच. पण मास्तरांचे डोळे चमकले: नवीन माप!

दुसऱ्या दिवसापासून बीगलच्या पायांना चाकं लावून, गळ्यात पट्टा घालून नवरा-बायको फिरायला निघाले. अख्खी गल्ली खिडक्यांत. "मास्तर, चावतो का हो?" "चावत नाही, उसवतो!" काकू लाजेने लाल, पण तीन आठवड्यांत एक दिवस चुकवला नाही. टेबलावर खडूने हिशोब लागला: सकाळी पंचवीस मिनिटं, संध्याकाळी वीस. त्यापुढे मास्तरांचा गुडघा. रविवारी भांडण.

डॉक्टरांनी आकडे ऐकले आणि म्हणाल्या, "ग्रेहाउंड."

"तो? शर्यतीतला?"

"पळतो मिनिटभर. मग दिवसभर लोळतो."

"म्हणजे आमचा मेव्हणा!" मास्तर ओरडले. "त्याला तर मी दहा वर्षं सांभाळतोय!"

"आणि दारात अडकलेला तो?" काकूंनी विचारलं.

"काकू, खरं कुत्रं वळतं," डॉक्टर म्हणाल्या.

प्राणी-निवाऱ्यात पाच वर्षांची एक ग्रेहाउंड मादी होती, राखाडी, लांब नाकाची. तिथल्या बाई म्हणाल्या, "पंधरा दिवस ट्रायलवर न्या. नाही जमलं तर परत आणा." 'ट्रायल' ऐकून मास्तरांचा चेहरा फुलला आणि 'परत' ऐकून काकूंचा उतरला.

काकूंनी तिला नाव ठेवलं नाही. वाडगा पायाने सरकवायच्या, अंगावरून हात फिरवायच्या नाहीत. ती घरभर वळली, कुठे अडकली नाही, आणि दिवसाचे अठरा तास झोपली. दहाव्या दिवशी काकू बटणं लावत बसल्या होत्या. ती उठली, आली, आणि ते लांबच लांब तोंड त्यांच्या मांडीवर, थेट बटणांवर ठेवून पुन्हा झोपली. काकूंनी हातातली सुई खाली ठेवली. दुपारभर त्या तिथून हलल्या नाहीत.

पंधराव्या दिवशी निवाऱ्यातून फोन आला. मी शर्ट न्यायला गेलो होतो.

"परत?" काकूंचा आवाज दुकानभर. "आमच्या यांना नेता का? खातात कमी, स्वभावानेही गरीब आहेत. ती कुठे जाणार नाही!"

आतून मास्तर टेप धरून किंचाळत होते, "अगं ऐक! छाती अठ्ठावीस, कंबर अठरा! अशी कंबर माझ्या वहीत तीस वर्षांत आली नाही! थंडीला हिला दोन कोट लागतील!"

"तीन," काकू म्हणाल्या.