शेठजींची गूळतुला

अंबरनाथच्या ज्या कारखान्यात माझे वडील कामाला होते, त्याच्या मालकांची साठी गूळतुलेने साजरी झाली. त्या वेळी मी मुंबईच्या कॉलेजात इंटरला होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि माझी फी शेठजी भरत. म्हणून कामगारांच्या मुलांतर्फे आभाराचे भाषण माझ्याकडे आले.

ते मॅनेजरसाहेबांनीच लिहून दिले होते. लक्ष्मी शेठजींच्या घरी पाणी भरते, पण शेठजी स्वतःला तिचे केवळ विश्वस्त समजतात, असे त्यात होते. विश्वस्ताला दारात मोटारींची रांग आणि माथेरानला बंगला कशाला लागतो, ते नव्हते.

गूळ कुठून आला हे वडिलांनी सांगितले. कामगारांच्या पगारातून कापून घेतला होता. ‘स्वखुशीने’ म्हणे. तुला झाल्यावर तोच गूळ शेठजी स्वहस्ते कामगारांना वाटणार होते, दान म्हणून.

विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत यावर रोज हशा होई. शेजारचे काका त्याच कारखान्यात होते. ते हात जोडून म्हणत, “देवा, शेठला चार दिवस जुलाब होऊ दे. तेवढाच आपला गूळ वाचेल!”

“कसला वाचतोय,” वडील म्हणाले, “तो आत्तापासून श्रीखंड हाणतोय.”

मी धीर करून म्हटले, “बाबा, हे भाषण माझ्याच्यानं होणार नाही.”

वडिलांचे हसू गेले. “कॉलेज हवंय ना? मग वाच. जीभ काय झिजते?”

वखारीतला मोठा काटा आणून त्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. शेठजी एका पारड्यात मांडी घालून बसले. दुसऱ्यात ढेपी चढू लागल्या. काटा बरोबरीला आला, तरी मॅनेजरसाहेब ओरडले, “अजून एक! पारडं झुकतं हवं, शुभ असतं!” शेठजींनी डोळे मिटून मान डोलावली.

एका माणसाने किती ठेवावे याला हद्द हवी, असे मला वाटते. ती नेमकी कुठे, हे मला आजही सांगता येत नाही. पण बरोबरीला आलेला काटा ज्याला दिसत नाही, त्याला ती आपली आपण कधीच सापडणार नाही, एवढे तिथे कळले.

माझे नाव पुकारले. कागद खिशातच राहिला. मी म्हणालो, “हा गूळ आमच्या वडिलांच्या पगारातला आहे. म्हणून मी त्यांचे आभार मानतो.”

मागून टाळ्या उसळल्या. टाळ्या म्हणजे आपल्याच, अशी सवय असल्याने शेठजींनी हसून हात जोडले.

मॅनेजरसाहेबांनी मात्र नीट ऐकले होते. त्यांनी वडिलांना बोलावून सांगितले, “तुमचा मुलगा हुशार आहे. त्याला आता आमच्या फीची गरज नाही.”

त्या संध्याकाळी वडील उशिरा आले. मी मार खायच्या तयारीने उभा होतो. त्यांनी टोपी खुंटीला लावली.

“सिंध्यांच्या वस्तीत, कॅम्प एकला, कापडाच्या दुकानात बोलून आलोय,” ते म्हणाले. “कॉलेज सुटलं की तिथं बसायचं. फी तुझी तू भरायचीस.”