आत्याचा आवाज

नानाखेड्याच्या वृद्धाश्रमात माझ्या आत्याची देखभाल करणारी बाई माळव्याची. आमच्याशी हिंदीतच बोलायची, तेही "हां भैया", "खा लिया", "सो रही हैं", एवढंच. आत्याचे केस विंचरताना मात्र तिचे ओठ हलत असायचे, आत्या बोलेल तसे.

पुढे लकव्यानं आत्याची वाचा गेली. त्यानंतर तिच्या मुलाचा अमेरिकेहून पहिला फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो. बाईनं ऑफिसातला नवा कॉर्डलेस कानाला लावला आणि आत्याच्या आवाजात, आत्याच्या मराठीत म्हणाली, "जेवलास का रे? माझं मस्त चाललंय. अच्छा, ठेवते हं." खोकलासुद्धा तोच. पलंगावर आत्या डोळे मिटून मान डोलावत होती.

"ये क्या है?" मी विचारलं.

"अम्माजी ने इशारा किया था. बेटा परेशान होता न," ती म्हणाली, आपल्या नेहमीच्या आवाजात.

आतेभावाला मी काही कळवलं नाही. दोघं मायलेकरं खूश दिसत होती.

उन्हाळ्यात आत्या गेली. तेरावं झाल्यावर मी तिची पेटी आणायला गेलो. बाई पाठमोरी उभी राहून रिकाम्या पलंगावर चादर घालत होती. मी दारात पोचलो, तशी मागं न बघता म्हणाली, "उन्हात आलास ना? बस, आधी पाणी पी."

तिच्या हातात फोन नव्हता. मी खाली बसलो आणि पाणी प्यायलो, आत्यासमोर प्यायचो तसा.