गोधडीत शिवलेली व्हीलचेअर

माणसाने इंजिनियर जरूर व्हावं, पण आईची व्हीलचेअर विमानात टाकायची वेळ आली की ते विसरावं. मला विसरता आलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी ऑस्ट्रेलियात, डार्विनला सरकारी नोकरीत. आई पुण्याहून आलेली. संधिवाताने गुडघे गेलेले. धरून दोन पावलं टाकायची, बाकी कारभार व्हीलचेअरवरून. धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं होतं, सिडनीला, गिरावीन नावाच्या उपनगरात. आईची अट एकच. "मला कुणी उचलायचं नाही. तिथे व्याही असतील. त्यांच्यापुढे मी पोत्यासारखी जाणार नाही."

विमानतळावर सामान कसं फेकतात ते मी मुंबईला पाहिलेलं. जगातले झाडून सगळे हमाल एकाच गुरूचे चेले, असं माझं ठाम मत. म्हणून आदल्या दिवशी मी चाकं काढली, पायपट्ट्या काढल्या, सांगाडा मिटला, आणि सगळं जुन्या गोधडीत घालून दाभणाने सुतळीचे टाके घातले. चारी बाजूंना मार्करने नाव-पत्ता. आमच्याकडे परदेशी जाणारी वस्तू अशीच जाते, मग पापड असोत की पाटा-वरवंटा.

आई बघत होती. म्हणाली, "तिरडी बरी बांधतोस."

काउंटरवरच्या बाईने विचारलं, "हे काय?"

"व्हीलचेअर."

"मग या कशावर बसल्यात?"

"तुमच्या विमानतळाच्या खुर्चीवर."

तिने उसासा टाकला. "तशीच आणायची होती ना! विमानाच्या दारापर्यंत या तिच्यावर बसून येतात. मग आम्ही ती सामानात टाकतो, आणि उतरताना परत दारात देतो."

बाई, तुला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं. तोंडाने 'थँक यू' म्हटलं.

सिडनीला गाठोडं सुखरूप आलं. एकही टाका उसवला नव्हता! मी आईकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तोवर तिला विमानापासून आणणारा विमानतळाचा माणूस तिला बाकावर बसवून आपली खुर्ची पुढच्या प्रवाशासाठी घेऊन गेला होता. मी टाके उसवले, नट-बोल्टांची पुरचुंडी सोडली आणि खिसे चाचपायला लागलो. पाना डार्विनला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

बोटांनी नट आवळून पाहिले. चाक वीतभर फिरलं, निखळलं आणि एका गोऱ्या आजोबांच्या बुटाशी जाऊन लोळलं.

"आई, दार इथेच आहे, मी पटकन उचलून..."

"हात लावून तर बघ." आईने काचेकडे मान वळवली. "व्याही पलीकडून हात हलवतायत. तूही हलव. रिकामेच आहेत."

तेवढ्यात सामान उतरवणारा एक हाफपँटवाला आला. त्याने गोधडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन पाना आणला आणि शीळ घालत पाच मिनिटांत चारी चाकं बसवली.

"विचार त्याला," आई म्हणाली, "इंजिनियर आहे का."

मी विचारलं. "मी? बॅगा उतरवतो, मेट."

"हो म्हणतोय," मी आईला सांगितलं. धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता.

"वाटलंच. हात बघ कसा चालतो."

ती माझा हात झिडकारून दोन पावलांत खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि स्वतःच चाकं फिरवत व्याह्यांच्या दिशेने निघाली. मी मागे गोधडीची घडी घालत राहिलो.