चिनी मॅडम

"औषध लागू पडतंय का?" असं चिनी मॅडमना कुणी विचारलं की त्या गप्प बसत. विचारणारा आधी वाट बघे, मग चुळबुळ करी आणि शेवटी "बरं, चालू द्या तुमचं" म्हणून निघून जाई. तो गेल्यावर बऱ्याच वेळानं मॅडम म्हणत, "कशाला लागू, ते त्यांनी सांगितलंच नाही." त्या थट्टा करत नसत. त्यांना तो प्रश्न खरंच अपुरा वाटे.

मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काम केलं. भोसरी एमआयडीसीत, एका बाजूला प्रेस शॉप आणि दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंग, अशी मधे आमची दुमजली प्रयोगशाळा होती. एका औषध कंपनीनं आम्हाला काम दिलं होतं. चिनी वैद्यकातल्या एका जुन्या काढ्यानं आतड्याच्या जखमा लवकर भरतात का, ते तपासायचं. मॅडम चीनमध्ये सात वर्षं शिकून आलेल्या, म्हणून काम त्यांच्याकडे आलं आणि म्हणूनच त्यांना हे नावही पडलं. मूळच्या त्या देहूरोडच्या. वडील तिथल्या लष्करी कारखान्यात कामगार होते. आम्ही ठेवलेलं नाव त्यांच्या आईपर्यंत पोचलं होतं. जेवायच्या सुट्टीत तिचा फोन आला की पलीकडून ऐकू यायचं, "चिनी मॅडम जेवल्या का?" मॅडम गंभीरपणे सांगत, "जेवल्या."

काढ्यातली मुख्य मुळी चीनमधून यायची. तिकडं तिला हुआंगल्येन म्हणतात. कोंबडीच्या पायासारखी वाकडी, आतून पिवळीधमक आणि अशी कडू की नुसती कुटली तरी घसा कडू व्हायचा. आपल्या दारुहळदीतही हेच पिवळं द्रव्य असतं, हे वाचल्यावर मी मॅडमना म्हटलं, "मग चीनहून कशाला मागवायची? आपली दारुहळद आहे की."

"द्रव्य एकच आहे," त्या म्हणाल्या, "पण मुळीत ते एकटं राहत नाही. त्याच्या सोबतचे कोण काय करतात, तुला माहितीये? मला नाही."

झालं. नुसतं पिवळं द्रव्य वेगळं, पूर्ण काढा वेगळा आणि दारुहळद वेगळी, अशी तिहेरी तपासणी सुरू झाली. एका आठवड्यात द्रव्य सरस ठरायचं, पुढच्या आठवड्यात काढा. दारुहळद कधी या पंगतीला, कधी त्या. मला काही उमगेनासं झालं की मी मॅडमच्या तोंडाकडे बघायची, तर तिथंही तोच गोंधळ. फरक एवढाच, की त्यांना त्या गोंधळात अवघडल्यासारखं होत नसे.

आमची पहिली चाचणी साधी होती. काचेच्या बशीत आतड्याच्या पेशींचा थर वाढवायचा, बारीक टोकानं त्यावर एक ओरखडा काढायचा आणि दर काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, की दोन्ही काठ एकमेकांकडे किती सरकले. काढा घातलेल्या बशीतली फट बुजलेली पहिल्यांदा दिसली तेव्हा मी धावत जाऊन मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आता दुसरी बशी." दुसऱ्या बशीत औषध नव्हतंच. तिथलीही फट जवळजवळ बुजली होती.

"आतड्याचं असंच असतं," त्या म्हणाल्या. "चार-पाच दिवसांत ते आपलं अस्तर नवं करतं. कुणी काही केलं नाही तरी भरायचं थांबत नाही. आता आपल्यामुळे भरलं, की आपण समोर असताना भरलं, हे ओळखायचं कसं?"

याच काळात आमच्या घरात आजारपण आलं. चाकणजवळच्या गावात आमची थोडी शेती, आणि माझे वडील, आप्पा, एका प्रेस कंपनीत शिफ्टनं जायचे. त्यांना शौचातून रक्त जाऊ लागलं. दुर्बिणीनं तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या आतड्याला व्रण आहेत, आजार वर्षानुवर्षं चालणारा आहे, गोळ्या सोडायच्या नाहीत. आप्पांनी कंपनीच्या बसनं जाणं बंद केलं. बस मधे थांबवा म्हणायची त्यांना लाज वाटायची. ते मोटारसायकलनं जाऊ लागले आणि रस्त्यात कुठं कुठं थांबता येतं ते त्यांना पाठ झालं. लग्नाला गेले तरी जेवत नसत. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली, ती मी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलाच्या खणातली किल्ली घेऊन कपाटातली काढ्याची वाळवलेली पूड डबीत भरून घरी आणली. "वैद्याकडची आहे," असं सांगून आप्पांना मधातून घ्यायला लावली.

महिन्याभरात रक्त थांबलं. मला इतका आनंद झाला की आपण काय केलंय याचं भानच राहिलं नाही. मी सरळ मॅडमकडे गेले आणि सांगून टाकलं, "मॅडम, लागू पडतंय."

सगळं ऐकल्यावर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी सांगितलं. त्याच महिन्यात डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या होत्या. आप्पांची रात्रपाळीही सुटली होती. हे मला ठाऊक होतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता. मॅडम उठल्या. "चल, घर दाखव."

त्यांच्या स्कूटरवर मागं बसून, कंटेनरच्या रांगांमधून आम्ही चाकणच्या पुढं गेलो. मोशीच्या सिग्नलला मी म्हणाले, "मॅडम, रागवा तरी." त्या म्हणाल्या, "मला भीती वाटतेय, रागवायला सुचत नाही."

आप्पा ओसरीत बसले होते. मॅडम त्यांच्यासमोर खालीच बसल्या. "आप्पा, तुमच्या लेकीनं दिलेली पूड माझ्याकडची होती. ती माणसांना द्यायची नव्हती. तुमच्या गोळ्यांबरोबर ती शरीरात काय करेल, मला माहीत नाही. यकृताला त्रास होऊ शकतो. उद्याच रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना सगळं सांगायचं. किती घेतली तुम्ही?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "खरं सांगू का म्याडम? खाल्लीच न्हाई मी. लई कडू. पोरीला वाईट वाटंल म्हनून व्हय व्हय म्हनलं, आन गोठ्यामागं टाकली समदी."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. चहा झाला. जाताना त्यांनी माझ्या आईला बजावलं, "रक्त तरी तपासाच." तपासलं. ठीक निघालं.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "हे तुला वरच्यांना लिहून द्यावं लागेल. मलाही." मी रडले, हात जोडले. आप्पांनी खाल्लं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही, मग कशाला, असं विचारलं. त्यांनी लिहिलंच. किल्ली उघड्या खणात ठेवली ही आपली चूक, हे त्यांनी माझ्या चुकीच्या आधी लिहिलं होतं. आप्पांच्या पोटात काही गेलं नाही म्हणून माझी नोकरी वाचली. दोन महिने मला काचसामान धुवायला लावलं. त्या दोन महिन्यांत मी मॅडमशी कामापलीकडं एक शब्द बोलले नाही.

पुढं प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या. पहिल्या फेरीत काढा दिलेल्या उंदरांची आतडी लवकर भरली. दुसऱ्या फेरीत काहीच फरक दिसला नाही. औषध कंपनीचे साहेब आले आणि म्हणाले, दुसऱ्या फेरीचे उंदीर खराब होते, ती फेरी अहवालातून काढा. मॅडमनी विचारलं, "ते खराब होते हे कशावरून ठरवायचं? निकाल आवडला नाही, यावरून?" अहवालात दोन्ही फेऱ्या गेल्या. काम बंद पडलं. सहा महिन्यांनी मॅडमनी चीनमधल्या एका विद्यापीठात नोकरी धरली.

निघायच्या आधी मी त्यांच्या पिंपळे सौदागरच्या फ्लॅटवर गेले. खोकी बांधली जात होती. त्या दोन महिन्यांचा राग अजून माझ्या मनात होता. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही लिहिलं नसतं तर कुणाला कळलं नसतं."

"हो," त्या म्हणाल्या. "आणि पुढं मी आणखी काय काय लिहिलं नाही, ते मलाही कळलं नसतं." मग त्यांनी चिकटपट्टीचं टोक शोधून द्यायला सांगितलं.

आता मी चाकणच्या एका कंपनीत तपासणीचे अहवाल सही करून पाठवते. आप्पा निवृत्त झालेत. गोळ्या चालू आहेत, तब्येत बरी असते. मधे एकदा पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा आठवडाभर दवाखान्यात ठेवलं होतं, तेवढंच. गेल्या वर्षी अंगणात शेंगा फोडत बसलो असताना ते एकदम म्हणाले, "त्या म्याडमशी मी खोटं बोललो व्हतो."

"काय?"

"पूड खाल्ली व्हती मी. समदी. तू इतक्या आशेनं आनलीस, टाकीन व्हय? पर खाल्ली म्हनलं असतं तर तुजी नोकरी गेली असती. त्या बाईलाबी त्रास झाला असता."

म्हणजे माझी शिक्षा कमी झाली ती खोट्यावर, आणि मॅडमनी तेव्हा खरं म्हणून लिहून दिलेल्या कागदात एक ओळ चुकीची गेली. पण मग आप्पांना बरं वाटलं ते त्या पुडीनं, बदललेल्या गोळ्यांनी, की रात्रपाळी सुटल्यानं? इतकी वर्षं निदान पूड तरी त्यातून वजा होती. आठ दिवस मी विचार करत राहिले, सांगावं की नाही. मग मॅडमना ई-मेल लिहिला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. "कळवलंस, बरं केलंस. किती दिवस घेतली? जेवणाआधी की नंतर? गोळ्या बदलल्या त्याच्या आधी सुरू केली होती, की मागून? आप्पांना माझा नमस्कार सांग."

मी कागद घेऊन आप्पांच्या शेजारी बसले. एकेक प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून, मन लावून आठवायचा प्रयत्न केला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "न्हाई गं. पूड आदुगर का गोळ्या, आन बरं कवा वाटाया लागलं, आता कायबी सांगता येत न्हाई."

मी त्यांच्याच शब्दांत तसं लिहून पाठवलं.