मटार सोलायला बसलेले साहेब

सबनीसांचे पडदे दोरीवर दिसले की अख्ख्या गल्लीला कळतं, यांच्याकडे रविवारी कुणीतरी जेवायला आहे. बेल वाजली तर सुप्रभाताई आधी दार उघडत नाहीत. आधी सोफ्यावरचा बिनघडीच्या कपड्यांचा डोंगर कवेत घेऊन बेडरूमच्या दारामागे कोंबायचा, उष्टे कप ओव्हनमध्ये सरकवायचे आणि मग हसतमुखाने, "या, या, सगळा पसारा आहे हं," म्हणत दार उघडायचं. पसारा कुठे दिसेल तर शपथ. पण त्या दारामागे आणि ओव्हनमध्ये काय आहे हे शेजाऱ्यांना ठाऊक आहे. एकदा कप आत विसरून ओव्हन लावून बसल्या होत्या, तेव्हा वासानेच कळलं.

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमपासून पाऊण तासावरचं हे गाव. डॉक्टर श्रीनिवास सबनीस इथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देतात आणि जेवण झालं की स्वतःलाही देऊन घेतात, असं ताईंचं म्हणणं. ताई स्वतः अकरा वर्षं गावातल्या प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहेत. शाळेच्या मागच्या अंगाला त्यांची वेलकम रूम. इंग्रजीचं अक्षर न येता जी मुलं परदेशातून येऊन थडकतात, ती रोज सकाळचे दोन तास तिथे असतात. कुणी रोमेनियाचं, कुणी केरळचं, कुणी अल्बेनियाचं.

या खोलीतली ताईंची युक्ती साधी. नव्या मुलाला पहिल्या दिवशी पुस्तक द्यायचंच नाही, मटार सोलायला बसवायचं. साताऱ्याला माहेरी त्यांनी पाहिलं होतं, की नवी सून चार दिवस तोंड उघडत नाही, पण मधे मटाराच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं की दुपारपर्यंत सासरच्यांना नावं ठेवायला लागते. हात गुंतले की जीभ सुटते. अकरा वर्षांत सत्तरेक मुलं या खोलीतून बोलती होऊन बाहेर पडली. त्यातला एक आता सहावीच्या वर्गात इतका बोलतो, की त्याला गप्प करण्यासाठी काही योजना आहे का, असं त्याच्या टीचरने विचारलं होतं.

तर मार्चमध्ये काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शाळाखात्याचं पत्र आलं. काउंटीतल्या चौदा शाळांत अशा खोल्या आहेत, पुढच्या वर्षी नऊच ठेवायच्या. ज्या राहतील त्यांना भाषेची खास टीचर मिळणार. उरलेल्या बंद, तिथली मुलं बसने दुसऱ्या गावी. कोणती ठेवायची हे ठरवायला एक फॉर्म होता, डावीकडे शाळेची बलस्थानं आणि उजवीकडे गरजा, आणि गुरुवारी काउंटीचे मिस्टर टॅटरसॉल स्वतः बघायला येणार होते. हेडटीचर मिसेस वॉर्डल यांनी तो फॉर्म ताईंच्याच हातात दिला. खोली तुझी, तूच लिही, डक, म्हणाल्या. इकडे मायेने सगळ्यांनाच डक म्हणतात. पहिल्या वर्षी ताईंना वाटायचं, बाई आपल्या चालण्यावर बोलतेय.

डावी बाजू ताईंनी एका बैठकीत भरली, वर दोन कागद जोडले. उजव्या बाजूशी मात्र पेन अडलं. आईने लहानपणीच घोटून घेतलं होतं, की कुणाकडे गेलं की पहिल्यांदा "नको", दुसऱ्यांदा "खरंच नको", तिसऱ्यांदा अर्धा कप. आणि काही हवंय का, असं कुणी विचारलंच, तर सगळं आहे म्हणायचं. सरकारी माणसापुढे रडगाणं गायचं, आणि तेही लेखी? शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, काही नको, धन्यवाद, आमचं छान चाललंय.

डॉक्टरांनी चष्म्यावरून ते वाचलं. "अगं, मला काहीच दुखत नाही म्हणणाऱ्या पेशंटला आम्ही सगळ्यात आधी घरी पाठवतो," ते म्हणाले. ताईंनी तुम्ही झोपा म्हणून सांगितलं, आणि ते काम डॉक्टरांना चांगलं जमतं.

बुधवारी ताईंनी खोली आवरायला घेतली. छताच्या गळतीखालची बादली बॉयलरच्या कपाटात गेली. पाय मोडलेल्या पाच खुर्च्याही तिथेच. घरचा चांगला गालिचा आला, भिंतीला पताका लागल्या, डब्यात चकल्या भरल्या. मुलं बारा आणि धड खुर्च्या सातच, म्हणून गुरुवारी सकाळी, ज्यांना अजून गुड मॉर्निंगसुद्धा म्हणता येत नाही, अशी पाच मुलं ताईंनी लायब्ररीत बसवली. त्यात सहा वर्षांची अक्षरा होती. जानेवारीत नागपूरहून आलेली, आई शिल्पा हॉस्पिटलमध्ये नर्स. अडीच महिन्यांत पोरीने शाळेत एक शब्द उच्चारला नव्हता. मटार सोलायची, पण मुकाट्याने.

मिस्टर टॅटरसॉल आले. उंच, वाकून बोलणारा, भला माणूस. सात मुलांनी गाणं म्हटलं, एकाने हवामान सांगितलं, साहेबांनी तीन चकल्या खाल्ल्या. मग ते उठले आणि मनापासून म्हणाले, "अप्रतिम. खरं सांगतो, तुम्हाला आमची गरजच नाही."

मिसेस वॉर्डल यांचा चेहरा पडला. ताई सवयीने थँक्यू म्हणणार, एवढ्यात त्यांना साहेबांच्या हातातला फॉर्म दिसला. गरजांच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरातलं "काही नको", आणि त्याच्यापुढे साहेबांनी कौतुकाने केलेली बरोबरची खूण. गरज नाही, म्हणजे टीचर नाही, आणि टीचर नाही म्हणजे खोलीही नाही. खोली काउंटी बंद करत नव्हती, त्या स्वतःच करत होत्या. आणि दारामागे या वेळी कपडे नव्हते, पाच मुलं होती.

"बसा," ताई म्हणाल्या.

साहेब बसले. त्या आवाजापुढे डॉक्टरही बसतात.

ताईंनी बॉयलरचं कपाट उघडलं. बादली गळतीखाली ठेवली, मोडक्या खुर्च्या बाहेर काढल्या, लायब्ररीतून पाचही जणांना आणलं. मग गालिच्यावर मटाराची पिशवी ओतली आणि साहेबांना हाताने खाली बसायची खूण केली. पाहुण्यांना चकल्या देतात, घरच्या माणसाला कामाला लावतात. मिस्टर टॅटरसॉल टाय खांद्यावर टाकून, लांब पाय कसेबसे दुमडून, बारा पोरांमध्ये मटार सोलायला बसले. सोलता कुठे येतंय. शेंग पिळायचे, दोन दाणे काढायचे आणि शेंग टरफलांत टाकून मोकळे.

शेजारी अक्षरा होती. ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने त्यांची टाकलेली एक शेंग उचलली, उघडली, आणि त्यांच्या नाकासमोर धरली.

"राहिले," ती म्हणाली.

ताईंचे हात थांबले. मिसेस वॉर्डल यांनी तोंडावर हात ठेवला. ही काय म्हणाली, असं साहेबांनी हळूच विचारलं.

"शेंगेत दाणे राहिलेत म्हणतेय," ताई म्हणाल्या. "शाळेतला तिचा हा पहिला शब्द. माझी भाषा तिची म्हणून मला कळला. बाकीच्या या चौघांनी उद्या पहिला शब्द उच्चारला, तर तो इथे कुणालाच कळणार नाही. मला गरज आहे, मिस्टर टॅटरसॉल. खूप आहे. लिहायची लाज वाटली म्हणून लिहिली नाही."

साहेबांनी ती शेंग नीट मोकळी केली. मग खिशातलं पेन काढून फॉर्मसकट ताईंना दिलं. मुदत उद्यापर्यंत आहे, म्हणाले.

ताईंनी "काही नको" वर आडवी रेघ मारली आणि तिथेच, गालिच्यावर बसून लिहायला घेतलं. भाषेची टीचर, आठवड्याचे दोन दिवस. पाच खुर्च्या. छताची दुरुस्ती. रकाना संपला तेव्हा कागद उलटा केला. मिसेस वॉर्डल खांद्यावरून वाचत होत्या, त्यांनी बाहेरच्या नळाचं सुचवलं, तेही गेलं.

मे महिन्यात उत्तर आलं. खोली राहिली. टीचर आठवड्याला दीड दिवस, खुर्च्या पाच, छताचा विचार चालू आहे. शाळेत केक कापला गेला. अक्षरा आता शाळेत मराठीतून भांडते आणि इंग्रजीतून माफी मागते. त्याच आठवड्यात शेजारणीने चहा विचारला, तर ताई पहिल्याच फेरीत हो म्हणाल्या आणि सोबत काय आहे तेही विचारलं. शेजारणीला अजून सावरायचंय.

चहा पिता पिता ताईंनी पर्समधून एक कागद काढला आणि अक्षर नीट दिसतंय का बघ, म्हणाल्या. काउंटीच्या शाळाखात्याला पत्र होतं. प्रिय मिस्टर टॅटरसॉल, आभारी आहे. दोन दिवस मागितले होते, दीड मिळाले. अर्धा दिवस राहिला आहे.